मुरी मासा आणि नदीचा तळ

पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथील पाऊस वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास असून तोही वेळेवर पडेलच असा भरवसा नसतो. असे असूनही या भागात ऊस, द्राक्षे व डाळिंबे पिकतात, ती मुख्यतः नीरा आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर. नीरा नदी भोर तालुक्यातील सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते, सोनगाव येथे कऱ्हेला पोटात घेते आणि नरसिंगपूर येथे भीमेस जाऊन मिळते. नीरेचा डावा कालवा १८८५ साली पुरा झाला. तेव्हापासून कालव्याला पाणी किती सुटले व पाळी केव्हा मिळणार याची चौकशी येथील शेतकरी नित्य करीत आला आहे. परंतु ज्या तळावरून ते पाणी वाहते त्या तळाची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

नदीचा तळ निरोगी आहे की नाही हे ओळखण्याचे एक साधन निसर्गाने आपल्या हाताशी ठेवले आहे. ते म्हणजे बोटभर लांबीचा मुरी हा मासा. बाजारात त्याला फारसा भाव येत नाही व मत्स्यसंवर्धनाच्या योजनांत त्याचे नाव येत नाही. तरीपण नदीकाठच्या शेतकऱ्याने आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात या माशाची शरीररचना, राहणी व गरजा यांची माहिती देऊन तिचा आपल्या विहिरींशी काय संबंध पोहोचतो हे सांगितले आहे.

मराठी नावाचा मासा

कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचे एक इंग्रज अधिकारी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, १८२४ सालापासून पुढे काही वर्षे, मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत होते. पिके, जमिनी व लोकसंख्या यांबरोबरच त्यांनी येथील पशुपक्षी आणि मासे यांचीही पाहणी केली. दख्खनच्या माशांचे त्यांनी केलेले वर्णन १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाले. माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी कित्येक ठिकाणी लोकांच्या तोंडची मराठी नावेच कायम ठेवली. शिंगाळा, कोळस ही नावे अशा रीतीने शास्त्राच्या ग्रंथांत गेली. मुरीचेही तसेच झाले. आज तिचे शास्त्रीय नाव पॅराकॅन्थोकोबिटिस मुरेह असे आहे. त्यातील दुसरा शब्द हा आपला मुरीच होय.

मध्यंतरी बराच काळ पुष्कळ अभ्यासक या माशाला उत्तर भारतातील बोटिया या जातीचाच एक प्रकार समजत असत. २०१५ साली या गटाची नव्याने तपासणी होऊन ही दख्खनच्या नद्यांतील स्वतंत्र जात आहे असे मान्य झाले. तात्पर्य, जो मासा आपल्या ओढ्यातली पोरे सहज ओंजळीत धरतात, तो गंगायमुनेच्या खोऱ्यातला नसून आपल्याकडचा आहे.

ओळख

मुरीची लांबी साधारणपणे पाच ते सात सेंटीमीटर असते. अंग लांबट व गोलसर, पोटाची बाजू किंचित चपटी आणि तोंड खालच्या बाजूस असते. तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या असतात. ओठांवर बारीक दाणे असून त्यांच्या व मिशांच्या साहाय्याने ती तळ चाचपून अन्न शोधते. खवले इतके बारीक असतात की अंग गुळगुळीत भासते. रंग पिवळसर मातकट असून पाठीवर व अंगावर गडद पट्टे किंवा ठिपके दिसतात. शेपटीच्या मुळाशी, वरच्या अंगास, फिकट कडा असलेला एक काळा ठिपका असतो. दुरून तो डोळ्यासारखा दिसतो.

मुरी ओळखताना दोन चुका होण्याचा संभव असतो. लहान वाम ही मुरीसारखीच लांबट दिसते. पण वामेचे तोंड टोकदार असून तिला मिशा नसतात आणि पाठीवर काट्यांची ओळ असते. शिंगाळ्याच्या पिलास मिशा असतात. परंतु त्याच्या पाठीवरच्या व बाजूच्या परांना टणक काटा असतो व तो हातास टोचतो.

बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते व तिच्यामुळे त्यांना पाण्यात हवे त्या उंचीवर तरंगता येते. मुरीची ही पिशवी अगदी लहान असून हाडाच्या डबीत बंदिस्त झालेली असते. त्यामुळे ती अधांतरी तरंगत राहू शकत नाही. ती झटक्यात पुढे सरकते आणि पुन्हा तळाला टेकते. वाहत्या पाण्यात राहणाऱ्या माशाला हे सोयीचेच असते, कारण तळाशी, दगडांच्या आडोशाला, प्रवाहाचा जोर कमी असतो. परंतु याच कारणाने मुरी तळाशी कायमची बांधली गेली आहे. तळ बिघडला तर वरच्या पाण्यात जाऊन राहण्याचा मार्ग तिला मोकळा नाही.

राहण्याची जागा

गुडघाभर किंवा त्याहून कमी खोलीचे खळखळ वाहणारे पाणी, तळाशी गोटे व खडे आणि त्यांच्या सांदीतून जाडी वाळू, ही मुरीची आवडती जागा होय. अशा ठिकाणी पाणी दगडांवर आपटून हवेशी मिसळते व त्यातील प्राणवायूचे प्रमाण चांगले राहते. दिवसा ती गोट्यांखाली दडून असते व संधिप्रकाशात आणि रात्री बाहेर पडते. उन्हाळ्यात धार आटली म्हणजे ती जवळच्या डोहाच्या कडेला, जेथे थोडाफार झिरपा चालू असेल तेथे, आसरा घेते.

गोट्यांमधली फट हेच तिचे घर. ती फट बारीक गाळाने बुजली तर वरून नदी पूर्वीसारखीच दिसते, पण मुरीला राहण्यास जागा उरत नाही. उजनी धरण १९८० साली पुरे झाले व इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचा मोठा पट्टा फुगवट्याच्या पाण्याखाली गेला. त्या संथ, गाळाच्या पाण्यात चिलापीसारखे मासे वाढतात; मुरीसारख्या प्रवाहप्रिय माशाला तेथे वाव नाही. तिच्यासाठी उरतात ते नीरेचे व कऱ्हेचे वाहते पट्टे, लहान ओढे आणि धरणाखालची, नरसिंगपूरकडे जाणारी भीमा.

वाळूतली मुरी

या मुरीची एक दूरची नातलग आपल्याकडच्या नद्यांत आढळते. तिचे शास्त्रीय नाव लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस. लोक तिलाही पुष्कळदा मुरीच म्हणतात. प्रस्तुत लेखात पहिलीला गोट्यातली मुरी व दुसरीला वाळूतली मुरी म्हटले आहे. वाळूतल्या मुरीला मिशांच्या चार जोड्या असतात आणि डोळ्याखाली एक लहानसा दुटोकी काटा असतो. एरवी तो मिटलेला असतो. मासा हातात धरला म्हणजे उभा राहतो. धोका दिसताच ती क्षणार्धात वाळूत शिरते व केवळ डोळे बाहेर ठेवून निपचित पडते.

तिची दुसरी विशेष शक्ती म्हणजे पाण्यातील प्राणवायू कमी पडल्यास ती पृष्ठभागावर येऊन हवा गिळते. आतड्याच्या पातळ आवरणातून त्या हवेतील प्राणवायू रक्तात शोषला जातो. जपानमध्ये भातखाचरांतून मिळणारा दोजो नावाचा मासा याच कुळातला असून तोही असाच श्वास घेतो. तेथे तो आवडीने खाल्ला जातो. या शक्तीमुळे आटत चाललेल्या डबक्यातही वाळूतली मुरी काही काळ तग धरू शकते. मात्र तिला वाळू हवीच. उघड्या खडकावर किंवा चिकट चिखलावर तिला दडता येत नाही आणि मग खंड्या, बगळा व मरळ यांना ती सहज सापडते.

अन्न आणि वीण

दोन्ही मुऱ्यांचे अन्न तळाशीच असते. जलकीटकांच्या अळ्या, बारीक कृमी, सूक्ष्म कवचधारी प्राणी, शेवाळ आणि कुजका पालापाचोळा यांवर त्यांची उपजीविका चालते. अशा रीतीने तळावरचे जे बारीक अन्न मोठ्या माशांना टिपता येत नाही ते मुरी खाते आणि स्वतः वाम, मरळ व शिंगाळा यांचे भक्ष्य होते. भोई बांधवांच्या जाळ्यात मोठे मासे पडावेत असे वाटत असेल तर नदीत लहान मासे असले पाहिजेत, हे उघड आहे. शिवाय मुरीसारखे लहान मासे काट्यासकट खाल्ले जात असल्याने त्यांतून चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, शरीरास मिळते.

विणीचा हंगाम पावसाळ्याचा. पहिले पूर येऊन गोट्यांवरचा गाळ धुतला गेला म्हणजे मासे उथळ धारेकडे सरकतात. अंडी बारीक असून ती गोट्यांच्या व वाळूच्या सांदीत पडतात. मुरी अंड्यांची राखण करीत नाही. त्यांचे रक्षण तळच करतो. सांदीतून स्वच्छ पाणी खेळत राहिले तर अंडी जगतात. सांदी बुजली तर ती गुदमरतात.

तळ कशाने बिघडतो

पहिले कारण बेसुमार वाळूउपसा. यंत्राने वाळू काढताना तळाचे थर उलथले जातात, जाडी वाळू व गोटे निघून जातात आणि ढवळलेला बारीक गाळ खाली वाहत जाऊन पुढच्या पट्ट्यातील सांदी बुजवतो. म्हणजे एका गावी उपसा झाला तरी त्याचे फळ खालच्या गावालाही भोगावे लागते.

दुसरे कारण दूषित पाणी. मळीमिश्रित पाणी किंवा गावाचे सांडपाणी नदीत सोडले असता त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजू लागते व पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. उन्हाळ्यात धार मंद असताना हा परिणाम फार जलद होतो आणि सकाळी मासे मरून तरंगताना दिसतात.

तिसरे कारण पिकांवरील औषधे. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत. फवारणीचा पंप ओढ्यावर धुतला किंवा रिकामी बाटली पाण्यात टाकली तर अगदी थोड्या औषधानेही त्या डबक्यातील मासे व त्यांचे अन्न असलेले कीटक मरू शकतात.

चौथे कारण मासे मारण्याच्या घातक रीती. ब्लीचिंग पावडर, वीजप्रवाह किंवा सुरुंगाची दारू यांनी लहानमोठे सर्वच जीव मरतात. विष व स्फोटके वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच गुन्हा ठरविले होते. सव्वाशे वर्षांनंतरही ही गोष्ट सांगावी लागते हे दुर्दैव होय.

पाचवे कारण पाणी एकाएकी बंद होणे. पावसाळा संपताच कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना दारे बसवितात. पाणी अडविणे आवश्यकच आहे. परंतु सर्व दारे एकाच दिवशी बसविल्यास खालची धार तासाभरात तुटते व गोट्यांखालचे मासे तेथेच अडकून मरतात.

वाळू आणि विहीर

येथवर वाचून एखादा शेतकरी विचारील की, मुरी गेली तर माझे काय गेले? या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने देता येईल.

जाड्या वाळूच्या कणांमध्ये पोकळी असते व पाण्याने तुडुंब भरलेल्या वाळूतून तिच्या आकारमानाच्या सुमारे चौथा हिस्सा पाणी निथळून मिळू शकते. समजा, नदीपात्रात १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद व २ मीटर जाडीचा वाळूचा थर आहे. त्याचे आकारमान १०,००० घनमीटर झाले. त्यातून मिळणारे पाणी २,५०० घनमीटर, म्हणजे २५ लाख लिटर. एक एकर जमिनीस ५ सेंटीमीटर खोलीची एक पाळी देण्यास सुमारे २०० घनमीटर पाणी लागते. याचा अर्थ, तेवढी वाळू एकदा भरली म्हणजे एका एकराच्या बारा पाळ्यांइतके पाणी ती पोटात धरून ठेवते व आजूबाजूस हळूहळू सोडते.

यावर कोणी म्हणेल, वाळू काढून झालेल्या खड्ड्यात तर त्याहून जास्त पाणी मावते. ते खरे आहे. परंतु उघड्या खड्ड्यातले पाणी उन्हाने उडून जाते, तर हात-दोन हात कोरड्या वाळूखाली असलेल्या पाण्याला ऊन फारसे लागत नाही. दुसरे असे की, पात्राचा तळ खोल गेला म्हणजे काठाच्या जमिनीतील पाणी त्या खोल तळाकडे ओढले जाते. पात्र मीटरभर खचले तर काठच्या विहिरींची पातळीही त्या मानाने उतरू लागते. मग शेतकरी विहीर आणखी खोदतो, पंप आणखी खाली उतरवितो आणि विजेचे बिल वाढले म्हणून तक्रार करतो. शिवाय पुराच्या पाण्याला गाळून स्वच्छ करण्याचे कामही हीच वाळू करीत असते.

यावरून असे दिसून येईल की, जी वाळू मुरीला घर देते तीच आपल्या विहिरीला पाणी देते. दोघांची गरज एकच आहे.

मुरीवरून तळाची परीक्षा

दोन्ही मुऱ्यांच्या गरजा थोड्या भिन्न असल्यामुळे त्यांच्यावरून तळाची साधी परीक्षा करता येते. वर्षातून दोन वेळा, एकदा ऑक्टोबरमध्ये बंधाऱ्याची दारे बसविण्यापूर्वी व एकदा फेब्रुवारीत, गावाजवळची तीच ती जागा पाहावी. गुडघ्याहून कमी पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून, वीस गोटे एकामागून एक हलकेच उचलून पाहावेत व प्रत्येक गोटा पूर्वीसारखाच ठेवावा. त्यानंतर वाळूच्या कडेला हाताने हळूच चाचपावे. मिळालेले मासे पाण्याच्या बादलीत ठेवून मोजावेत व लगेच सोडून द्यावेत. नोंदवहीत तारीख, जागा, पाण्याची खोली, वाळू की गाळ आणि दोन्ही मुऱ्यांची संख्या लिहावी.

या नोंदींचा अर्थ साधारणपणे पुढीलप्रमाणे लावावा :

दोन्ही मुऱ्या असल्यास तळ व पाणी या दोहोंची स्थिती समाधानकारक समजावी.

केवळ वाळूतली मुरी असल्यास पाण्यात प्राणवायू कमी पडत असावा किंवा गोट्यांच्या सांदी गाळाने बुजल्या असाव्यात. वरच्या बाजूस सांडपाणी कोठे मिळते ते पाहावे.

केवळ गोट्यातली मुरी असल्यास पाणी बरे आहे, पण वाळू कमी होत चालली आहे असा संशय घ्यावा.

दोन्ही नसल्यास विषारी द्रव्य, उपसा किंवा धार तुटणे यांपैकी एखादे कारण शोधावे.

एकाच पाहणीवरून निष्कर्ष काढू नये. मोठ्या पुरानंतर मासे काही काळ दुसरीकडे गेलेले असतात. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे चढउतार स्पष्ट होतो. गावच्या शाळेतील वरच्या वर्गांतील मुलांकडून शिक्षकांच्या देखरेखीखाली ही पाहणी करविल्यास उत्तम. मात्र खोल डोह, उपशाचे खड्डे आणि धरणातून पाणी सोडण्याचे दिवस कटाक्षाने टाळावेत.

करावयाच्या गोष्टी

१. फवारणीचे पंप व भांडी नदीवर अगर ओढ्यावर धुऊ नयेत. धुण्याचे पाणी विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, पडीक जागेवर टाकावे.

२. बंधाऱ्याची दारे एकदम न बसविता टप्प्याटप्प्याने बसवावीत व खाली थोडी धार शक्य तितके दिवस चालू ठेवावी. पावसाळ्यापूर्वी दारे काढतानाही असेच करावे, म्हणजे साचलेला गाळ एका लोंढ्याने खाली जाणार नाही.

३. गावाच्या हद्दीतील निदान एक उथळ, गोट्यांची धार व तिच्याजवळचा एक डोह यांना हात लावावयाचा नाही, असा ठराव ग्रामसभेने करावा. विणीच्या काळात, म्हणजे जून ते ऑगस्ट, तेथे बारीक आसाचे जाळे टाकू नये.

४. विनापरवाना वाळूउपसा दिसल्यास तलाठी अगर तहसीलदार यांना लेखी कळवावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४८ अन्वये अशा उपशावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. गावात घरबांधणीसाठी शक्य तेथे दगडापासून तयार केलेली कृत्रिम वाळू वापरावी.

५. मासे मरून तरंगताना दिसल्यास ते खाऊ नयेत व गुरांना ते पाणी पाजू नये. स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन तारीख, वेळ व जागा लिहून ठेवावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ व मत्स्यव्यवसाय खाते यांना त्याच दिवशी कळवावे. उशीर झाल्यास कारण सापडत नाही.

६. चिलापी किंवा बाहेरचा मागूर यांसारखे मासे ओढ्यांत व नदीत सोडू नयेत. शेततळ्यात ते वाढविले असतील तर तळ्याचे सांडव्याचे पाणी जाळी लावूनच बाहेर काढावे.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती थोडी दक्षता. येत्या ऑक्टोबरमध्ये, बंधाऱ्याची दारे बसविण्याच्या आधीच्या आठवड्यात, प्रत्येक नदीकाठच्या गावाने एकदा पाण्यात उतरून वीस गोटे उचलून पाहावेत आणि काय दिसले ते लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी ताडून पाहण्यास तीच पहिली नोंद उपयोगी पडेल.